कांदा-लसूण चटणी परदेशी पाठवायची आहे, हलाल सर्टिफिकेट घ्यावं का? (बजेट ४० हजार)

चटणी_मंगळवारपेठ
नमस्कार मंडळी. माझा आणि जावेचा कांदा-लसूण चटणीचा उद्योग आहे. ब्याडगी-संकेश्वरी मिरची, सुकं खोबरं, तीळ, धणे, शेंगतेल, सगळं डंकावर कुटलेलं. रंग नाही, फ्लेवर नाही. एफएसएसएआय (अन्न परवाना) आणि आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) झालंय. शारजाच्या एका व्यापाऱ्यानं आणि क्वालालंपूरच्या एकानं नमुने मागवलेत. मलेशियावाल्याचा पहिला प्रश्न, हलाल आहे का? शारजावाल्यानं विषयच काढला नाही. सर्टिफिकेट कुणाचं घ्यावं? आणि तिकडचं गिऱ्हाईक नक्की काय बघून पाकीट उचलतं, हे कमी खर्चात कसं शोधायचं? एकूण ४० हजार आहेत, वर एक रुपया नाही.

शिरोली_कास्टिंग
ताई, सरळ गल्फूडला, खाद्यपदार्थांच्या व्यापारी प्रदर्शनाला जावा. दुबईत दरवर्षी भरतं, सगळे खरेदीदार एका छताखाली. आमच्या मेहुण्यांनी तिथनंच धंदा उभा केला. ४० हजारात काय होत नाही, दोन-तीन लाख काढून ठेवा.

गूळवाला_मार्केटयार्ड
सर्टिफिकेटच्या नादाला लागू नका. आमच्याकडून एका एजंटनं पैसे घेतले, रंगीत कागद दिला, आणि खरेदीदार म्हणाला ही संस्था आमच्या देशाच्या यादीतच नाही. पैसे बुडाले ते बुडाले, ऑर्डरपण गेली. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. भेंडीच्या पाण्यानं मळी काढतो आम्ही, त्यात हराम काय असणार?

रंकाळा_चौपाटी
भेंडी आता कोण वापरतंय? सगळीकडं हायड्रॉस नावाचं केमिकल मारतात, म्हणून तर गूळ पिवळाधमक दिसतो.

गूळवाला_मार्केटयार्ड
आमच्या गुऱ्हाळावर येऊन बघा, मग बोला. काळसर गूळच विकतो आम्ही.

कागल_एक्सपोर्ट
सरकारनं आता हलाल सर्टिफिकेट सक्तीचं केलंय. नसेल तर माल बंदरातनं सुटणारच नाही.

फूडटेक_वारणा
अर्धवट माहितीनं ताईंना घाबरवू नका. डीजीएफटीचा (केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याचा) तो नियम मांस आणि मांसाच्या पदार्थांना आहे, तोही माल हलाल म्हणून पाठवला तरच. १६ ऑक्टोबर २०२४ पासून १५ देशांसाठी लागू झाला. त्यात यूएई, सौदी, मलेशिया, इंडोनेशिया आहेत, पण चटणी त्यात बसत नाही.
ताई, मलेशियाचं मात्र वेगळं आहे. तिथं पाकिटावर हलाल लिहायचं तर सर्टिफिकेट जाकिमचं (मलेशिया सरकारच्या इस्लामी खात्याचं) तरी हवं, नाहीतर जाकिमनं मान्यता दिलेल्या परदेशी संस्थेचं. ती यादी जाकिम स्वतः प्रसिद्ध करतं. त्यातली भारतीय संस्था निवडा, आणि पैसे भरायच्या आधी खरेदीदाराकडून ‘ही चालेल’ असं लेखी घ्या. गूळवाल्यांचं नुकसान नेमकं इथंच झालं. पुढं इंडोनेशिया डोक्यात असेल तर तिथली हलालची सरकारी यंत्रणा बीपीजेपीएच, तिची यादी निराळी.
आणि शाकाहारी म्हणजे आपोआप हलाल, असं धरून चालू नका. फ्लेवरमध्ये अल्कोहोल असतं, ई ४७१ हे तेल-पाणी एकजीव करणारं द्रव्य प्राण्यांच्या चरबीतूनही येतं, ई १२० हा लाल रंग तर किड्यापासून करतात. तुमच्यात हे काही नाही ते उत्तमच. पण डंक भाड्याचा असेल तर ऑडिटर तोही बघणार, तिथं आणखी काय कुटलं जातं ते विचारणार.

शारजा_पन्हाळकर
मी इथंच राहतो. मसाल्याच्या पाकिटावर लोक भाव आणि तारीख बघतात. अरबी लेबल मात्र पाहिजेच. आधी शारजा करा, विना सर्टिफिकेट.

कागल_एक्सपोर्ट
मीपण तेच म्हणतोय, आधी शारजा. आणि मसाला मंडळाची (केंद्राच्या स्पायसेस बोर्डाची) नोंदणी विसरू नका.

एमबीए_सागरमाळ
गिऱ्हाईकाचा अभ्यास हा माझा विषय, म्हणून लिहिते. ‘हलाल असेल तर घ्याल का?’ असा प्रश्न करू नका, त्याला सगळे हो म्हणतात. मागच्या वेळी कोणता मसाला घेतला, काय बघून घेतला, शंका आल्यावर कुणाला विचारलं, हे विचारा. क्वालालंपूरच्या दुकानदाराला फडताळाचे फोटो पाठवायला सांगा: हलालचा शिक्का कुठल्या पाकिटावर आहे, भावात फरक किती. आयात कुठून होते ते ट्रेड मॅप या वेबसाइटवर फुकट दिसतं, मिश्र मसाल्यांचा कस्टमचा कोड ०९१०९१. चटणीत तेल-कांदा असल्यानं कोड २१०३ मध्येही जाऊ शकतो, तेवढं कस्टम एजंटकडून पक्कं करा.

शिरोली_कास्टिंग
फोटोवर धंदा होत नाही. माणूस समोर बसला पाहिजे. गल्फूड!

फूडटेक_वारणा
आणखी एक. एप्रिल २०२४ मध्ये इथिलीन ऑक्साइडमुळं (जंतू मारायला वापरतात तो वायू) हाँगकाँगनं काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली होती आणि सिंगापूरनं एक मसाला बाजारातून परत घ्यायला लावला होता. शिक्का असो नसो, लॅब रिपोर्टचे पैसे बाजूला काढा. मसाला मंडळाची लॅब नवी मुंबईत आहे.

चटणी_मंगळवारपेठ
सगळ्यांचे आभार. दोघांचं मत आधी शारजा, पण आम्ही दोघींनी मलेशिया धरायचं ठरवलंय. शारजाच्या दुकानात आमचं पाकीट भावावर भांडणार, आणि मोठ्या कंपन्यांपुढं आमचा भाव टिकत नाही. मलेशियावाल्यानं फोटो पाठवले, तिथं बहुतेक सगळ्या पाकिटांवर शिक्का आहे. तिथलं गिऱ्हाईक विश्वास मागतंय, आणि तो आम्ही देऊ शकतो, कारण मिरची निवडण्यापासून पाकीट सील करण्यापर्यंत सगळं आमच्या हातचं आहे. डंकही घरचाच. जाकिमच्या यादीतल्या संस्थेला मेल केलाय, खरेदीदाराचा लेखी होकार मागितलाय. उरलेले पैसे लॅबला. गल्फूड यंदा नाही.

गूळवाला_मार्केटयार्ड
ताई, ऑडिटर येऊन गेला की काय काय विचारलं ते इथं लिहा. आमच्या गुऱ्हाळाला उपयोग होईल.