होमस्टेडर म्हणजे नक्की कोण?

प्रश्न:
वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉयच्या सिनेमात होमस्टेडर हा शब्द सारखा कानावर पडतो. मला आधी वाटलं घराला चिकटून राहणारा, घरकोंबडा टाइप माणूस असेल, पण ही मंडळी तर बायकापोरं, बैलगाडी घेऊन कुठच्या कुठे ओसाड माळावर राहायला जातात. गुरांचे मालक त्यांनाच नेस्टर म्हणतात. दोन्ही एकच का? शब्द आला कुठून?

प्रतिसाद १:
मूळ शब्द होमस्टेड, खूप जुना. जुन्या इंग्रजीत हाम म्हणजे घर, वस्ती आणि स्टेडे म्हणजे जागा. लंडनचं हॅम्पस्टेड हे नाव पण त्यातलंच. आणि हा स्टेड आपल्या स्था धातूचा भाऊबंद आहे बरं का, म्हणजे स्थान, ठाणं याच कुळातला. तेव्हा ठाण मांडून बसणारा म्हटलं तर अगदी चपखल बसतं.

प्रतिसाद २:
पण तुम्ही बघताय तो अर्थ कायद्यातून आलाय. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंकन याने २० मे १८६२ ला होमस्टेड अ‍ॅक्टवर सही केली. वय २१ पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख असलं की १६० एकरपर्यंत सरकारी जमीन मिळायची, एकट्या बायकांनाही. किंमत नाही, फक्त किरकोळ फी. अट एकच पण कडक, ५ वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि मग साक्षीदार आणून ते सिद्ध करायचं, त्याला प्रूव्हिंग अप म्हणायचे. नेब्रास्कासारख्या माळरानी भागात झाडंच कमी, लाकूड आणणार कुठून, मग गवताच्या मुळांसकट जमिनीचे चौकोनी तुकडे कापून विटांसारखे रचायचे आणि त्यात राहायचं, पाऊस आला की छतातून चिखल गळायचा. साधारण १६ लाख लोकांना असे जमिनीचे मालकी पट्टे मिळाले. मात्र ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून घेतलेली होती, हे सिनेमात फारसं येत नाही आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद ३:
नेस्टर म्हणजे घरटं करून बसलेला, माणसं बहुतेक तीच, फक्त बोलणारा वेगळा. गुरंवाल्यांना मोकळं कुरण हवं होतं आणि हे लोक कुंपण घालायचे, १८७४ ला ग्लिडन नावाच्या माणसाच्या काटेरी तारेचं पेटंट आल्यावर तर भांडण आणखी पेटलं, म्हणून त्या शब्दात राग भरलाय. कायदा १९७६ ला रद्द झाला, अलास्कात अजून १० वर्षं चालला. आता भाजीपाला, कोंबड्या, सगळं घरचं करणारे स्वतःला होमस्टेडर म्हणवतात, त्यांचा सरकारी जमिनीशी काही संबंध नसतो.