‘इनसाइट’ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप:
जाहिरात एजन्सीत नव्याने लागणाऱ्या मराठी कॉपीरायटरांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ग्राहकाबद्दलची माहिती एजन्सीत कशी जमते आणि तिच्यातून कल्पना कशी निघते, असा विषय आहे. संशोधन, धोरण, कल्पना इथवर निभावलं. ‘इनसाइट’पाशी, म्हणजे ग्राहकाच्या वागण्यामागचं खरं कारण उलगडणाऱ्या निरीक्षणापाशी, गाडी अडली. मी ‘अंतर्दृष्टी’ लिहिलं. संपादकांनी खोडलं. त्यांचं म्हणणं, अंतर्दृष्टी माणसाच्या अंगी असते. इनसाइट सापडते आणि ब्रीफमध्ये, म्हणजे जाहिरात करणाऱ्यांना कामाआधी दिल्या जाणाऱ्या टिपणात, एका ओळीत लिहिली जाते. मुद्दा बिनतोड आहे, पण मग पर्याय काय? पुस्तिकेत उदाहरण सर्फ पावडरीच्या जाहिरातीतल्या ललिताजींचं आहे, त्याला लागू पडेल असा शब्द हवा.

गिरगावकर:
माझी उमेदीची वर्षं एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहिण्यात गेली. मीटिंगमध्ये सगळे ‘इनसाइट’ म्हणत, पण बाहेर चहाला उभे राहिलो की तीच माणसं म्हणत, ‘नस सापडली’. ललिताजींचंच बघा. निरमा स्वस्त, सर्फ महाग. आकडे एवढंच सांगत होते की गृहिणी स्वस्त पावडरीकडे वळतायत. त्यावर कुणीही म्हणालं असतं, भाव उतरवा. लिंटास या जाहिरात एजन्सीच्या अलीक पदमसींनी पाहिलं ते निराळंच. घासाघीस करणारी बाई कंजूष नसते, दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला तिला हवा असतो. ही बाई आपल्याला आपल्या आईत दिसली, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. त्यातून स्वस्त आणि चांगलं यातला फरक ठणकावून सांगणारी ललिताजी उभी राहिली. ‘नस’ लिहा, नव्या पोरांना लगेच कळेल.

मोडीवाचक:
नस बोलण्यात ठीक, पुस्तिकेत उघडी पडेल. ‘मर्म’ घ्या. मर्म सापडतं, हाती लागतं, एका ओळीत सांगताही येतं. सुश्रुताने शरीरातली 107 मर्मस्थानं सांगितली आहेत, म्हणजे गिरगावकरांची नससुद्धा यात आली. शिवाय ‘मर्मज्ञ’ आणि ‘मार्मिक’ आयतेच मिळतात.

शब्दनिष्ठ:
मर्म उत्तम. पण तळटीपताई, मग पुस्तिकेत ‘ब्रीफ’, ‘कॉपी’, ‘क्लायंट’ कशाला ठेवताय? सावरकरांनी दिग्दर्शक, महापौर, दूरध्वनी दिले तेव्हाही लोक हसले होते. आज दिग्दर्शक म्हणताना कुणाची जीभ अडखळते? मुळात ‘जाहिरात’ हा शब्दच अरबी. हिंदीने ‘विज्ञापन’ स्वीकारलं, आपण का नाही?

मोडीवाचक:
कारण मराठीत त्या शब्दाला दुसरं काम होतं. पेशवेकालीन पत्रांत ‘विज्ञापना ऐसीजे’ हे शब्द पानोपानी भेटतात. धाकट्याने थोरल्याला केलेली ती विनंती. जाहिरातीत आर्जव असतं हे खरं, पण जाहीर सभा, जाहीरनामा, जाहीर निषेध हे सगळं गोतावळं मोडून ‘विज्ञापन’ आणायचं तर मराठीलाच परकं करावं लागेल. अरबी ‘ज़ाहिर’ म्हणजे उघड, दिसणारं. तो शब्द इथे मुरलाय.

शब्दनिष्ठ:
दूरध्वनीही मुरला असता, आपण टिकवला नाही.

काव्यशाळा:
मूळ प्रश्नाला धरून लिहिते. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याची कारणं सांगितली: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे प्रतिभा. निपुणता येते ‘लोकशास्त्रकाव्याद्यवेक्षणात्’, म्हणजे लोकव्यवहार, शास्त्र, काव्य वगैरे बारकाईने न्याहाळल्याने. आणि पुढे तो मुद्दाम सांगतो, ‘हेतुर्न तु हेतवः’. ही तीन सुटी कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण. माहिती एका खात्यात आणि प्रतिभा दुसऱ्या खात्यात ठेवणाऱ्या एजन्सीने हे वाक्य जरूर वाचावं. मी ‘लोकमर्म’ सुचवेन.

गिरगावकर:
काव्यशाळाबाई, अगदी हेच दुखणं होतं. संशोधनाचे अहवाल यायचे, कपाटात जायचे, आणि लिहिणाऱ्याच्या हाती उरायची फक्त तारीख. लंडनमध्ये 1968च्या सुमारास जे. वॉल्टर थॉम्पसन या एजन्सीतले स्टीफन किंग आणि बीएमपी या एजन्सीचे स्टॅनली पोलिट यांनी ‘अकाउंट प्लॅनर’ हे पद घडवलं ते यासाठीच. ग्राहकाच्या बाजूने बोलणारा माणूस कल्पना जन्मते तिथे बसलेला हवा. त्याआधी न्यूयॉर्कला जाहिरातकार बिल बर्नबाक यांनी कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर यांची जोडी बसवली होती. ‘लोकमर्म’ मात्र कुणी उच्चारणार नाही.

ओठजुळणी:
हे सगळं ज्ञान मराठीपर्यंत येतच नाही हो. मी हिंदी जाहिरातींची मराठी अडॅप्टेशन्स करते, म्हणजे त्याच फिल्मवर मराठी शब्द बसवते. ब्रीफ कधीच मिळत नाही. तयार फिल्म येते आणि निरोप येतो, ‘उद्या अकरापर्यंत हवं’. परवा साबणाच्या जाहिरातीत ‘नीम के गुणों के साथ’ होतं. मी ‘कडुनिंबाचे गुण असलेला’ लिहिलं. पडद्यावरच्या ओठांच्या हालचालीला लांब पडतं म्हणून बदललं, टीव्हीवर गेलं ‘कडुनिंबाच्या गुणांसोबत’. ‘कडुनिंबयुक्त’ही दिलं होतं, ते म्हणे औषधी वाटतं. मर्म हिंदी घरातलं आणि वाक्यही हिंदीच. मराठी फक्त प्रत्यय. ताई, तुमच्या पुस्तिकेत एक पान यावर हवंच.

शब्दनिष्ठ:
‘सोबत’ने तर उच्छाद मांडलाय. ‘तुमच्यासाठी घेऊन येत आहोत’ हेही त्याच गोत्राचं. ‘आणतोय’ म्हणा की! सोबत माणसाची असते, कडुनिंबाची नव्हे.

नागपूरकर:
असं कसं? आमच्याकडे ‘मी त्याच्यासोबत बोललो’ म्हणतात. पुण्यात ‘त्याच्याशी’ म्हणतात म्हणून आमचं चूक होत नाही. आणि सोबत फक्त माणसाचीच असेल तर ‘अर्जासोबत दाखला जोडा’ हे काय आहे?

तळटीप:
ओठजुळणी, पान नक्की घालते, संपादकांशी बोलते. पण मंडळी, ‘मर्म’ की ‘नस’? ‘मर्म’ लिहिलं तर ‘मर्मावर घाव’ आठवून वाचकाला दुखरी जागा वाटेल, अशी धास्ती आहे.

ओठजुळणी:
नागपूरकर, दाखला अर्जाला जोडलेला असला तरी वेगळा कागद असतो. ‘चहासोबत बिस्किट’ही मला चालतं, कारण बिस्किट चहाबाहेर आहे. साबणात कडुनिंब मिसळलेला आहे. तिथे ‘सोबत’ म्हटलं की वाटतं, साबणाबरोबर पाला फुकट देतायत.

नागपूरकर:
हा भेद मान्य. पण मग ‘दुधासोबत हळद’ म्हणताना काय कराल? ढवळायच्या आधी की नंतर?