मदत हवी आहे: पिपच्या तपासणीत आईचं चालणं ‘ठीक’ ठरवलंय

ब्रिटनमध्ये पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटसाठी (पिप, म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) कुणी दाद मागितली आहे का? आईला संधिवात आहे. अहवालात लिहिलंय, ‘वेटिंग रूमपासून खोलीपर्यंत विनासायास चालल्या.’ मधे भिंत धरून थांबली, घरी आल्यावर दिवसभर अंथरुणातून उठली नाही, त्याचा उल्लेखच नाही! नियम तर सांगतो की २० मीटर अंतर सुरक्षितपणे, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळेत चालता आलं पाहिजे. एकदा कसंबसं चालली म्हणून गुण कापणं हा सरळ अन्याय आहे.

मँडेटरी रीकन्सिडरेशनला (निर्णयाचा फेरविचार करायची विनंती) एक महिन्याची मुदत असते. दुखण्याची रोजची नोंदवही जोडली तर ग्राह्य धरतात का? फिजिओथेरपिस्टच्या पत्रात नेमकं काय लिहून घ्यावं? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.