मदत हवी आहे: स्पिटफायर विमानाचा पंखा फोटोत फिरताना दिसायला शटर स्पीड किती ठेवू?

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या बॅटल ऑफ ब्रिटनच्या स्मरणार्थ होणारा फ्लायपास्ट (डोक्यावरून जाणारी विमानांची रांग) बघायला जातोय, मधे लँकेस्टर बॉम्बर आणि दोन्ही बाजूंना स्पिटफायर, हरिकेन ही लढाऊ विमानं. मागच्या वेळी जेट विमानांच्या सवयीने १/२००० सेकंदावर शटर ठेवलं आणि फोटो एकदम शार्प आले, पण पंखा जागच्या जागी गोठलेला, स्पिटफायर अगदी दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतंय. या विमानांचं मर्लिन इंजिन ३००० आरपीएमवर असलं तरी गिअरमुळे पंखा त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो, हे मला नंतर कळलं, तेव्हा कपाळावर हात मारला.

आता रस्त्यावरच्या गाड्यांवर पॅनिंगची (कॅमेरा गाडीबरोबर फिरवत फोटो काढायची) प्रॅक्टिस करतोय. १/१२५ ला दहातला एखादा फोटो धड येतो, १/२५० ला बरे येतात, पण गाडी सरळ जाते आणि विमान वळताना पंख तिरके करतं, तिथे माझा हात चुकणार हे नक्की.

लेन्स ७०-३००, स्टॅबिलायझर आहे, ट्रायपॉड गर्दीत लावता येणार नाही, नवीन काही घ्यायचं नाहीये. व्हिडिओ नको, मर्लिनचा आवाज कानांनीच ऐकायचाय. विमानं डोक्यावरून एक-दोनदाच जाणार, त्यामुळे तिथे ट्रायल घेत बसायला वेळ नाही.

तर ज्यांनी पंख्याची विमानं काढलीयेत त्यांनी सांगा, सुरुवात १/२५० ने करू की थेट १/१६० वर जाऊ? आणि ढगाळ पांढऱ्या आभाळात विमान काळं पडू नये म्हणून एक्स्पोजर साधारण किती वाढवता?