जाहिरातीचा दर पेजव्ह्यूवर (पान किती वेळा उघडले यावर) ठरवणे स्थानिक संकेतस्थळांनी थांबवावे का?

धागाकर्ता (स्थानिक बातमी संकेतस्थळाचे संपादक, शाहूपुरी)

थांबवावे, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात आम्ही पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सतत देत असतो. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते, त्यामुळे वाचक पान उघडतो, आकडा पाहतो आणि लगेच बाहेर पडतो. प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीतल्या घरात जनावरे केव्हा हलवायची, हे त्या एका आकड्यावर ठरते. संकेतस्थळाच्या भेटी मोजणारे गुगल अॅनालिटिक्स ४ मात्र १० सेकंदांच्या आत संपलेली, एकाच पानाची अशी भेट सहसा बाउन्समध्ये, म्हणजे वाचक न रमता परतला अशा भेटींत, जमा करते. उलट वीस छायाचित्रांसाठी वीस पाने उलटायला लावणारा मजकूर त्याच वाचकाकडून वीस पेजव्ह्यू वसूल करतो. दर या आकड्यावर ठरला, की वार्ताहर महापालिकेच्या सभेला जाण्याऐवजी छायाचित्रांच्या मागे लागतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? आठवड्यातून किती वाचक आपणहून परत येतात, हे मोजावे आणि त्यावर दर लावावा.

प्रतिसाद १ (शेतीपंप विक्रेते, लक्ष्मीपुरी)

पैसे मोजणारा म्हणून मी असहमत आहे. छापील अंकांचा खप तपासायला १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही त्रयस्थ संस्था आहे. छोटी संकेतस्थळे मला फक्त स्क्रीनशॉट दाखवतात. जाहिरातीचा निम्मा भाग एक सेकंद पडद्यावर आला तरी ती 'दिसली' असे धरण्याचा निकष तोकडा आहे, हे मान्य. पण तो सर्वांना सारखा आहे. 'परत येणारे' तुम्हीच मोजणार आणि दरही तुम्हीच सांगणार, हे मला पटत नाही. शिवाय माझे गिऱ्हाईक करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतले आहे, आणि मोबाइलवरून आलेल्या इथल्याच वाचकाचे शहर तुमच्या अहवालात अनेकदा पुणे किंवा मुंबई दिसते.

प्रतिसाद २ (संगणक अभियंता, उजळाईवाडी)

संपादकांनी सुचवलेले माप पेजव्ह्यूपेक्षाही कच्चे आहे. सफारी ब्राउझर पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी (वाचक ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) सात दिवसांनी पुसतो, त्यामुळे दहा दिवसांनी परतलेला वाचक नवा ठरतो. फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये आणि क्रोममध्ये तेच पान उघडणारा माणूस दोनदा मोजला जातो. व्हॉट्सअॅपवरच्या दुव्यावरून आलेली भेट बहुधा 'डायरेक्ट' (पत्ता टाकून थेट आलेले) या खात्यात पडते, म्हणून ते खाते फुगले की वाचक निष्ठावान झाले, असे समजणे चूक आहे. सर्व्हरच्या (संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाच्या) नोंदीतून बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडणारे प्रोग्रॅम, वगळून काढलेला पेजव्ह्यू निदान दुसऱ्याला पडताळता येतो.

धागाकर्ता

कुकीवर विसंबू नये, हे बरोबर आहे. म्हणूनच ईमेलने नोंदणी घ्यावी, म्हणजे परतणारा वाचक नावानिशी कळेल. पेजव्ह्यूचा पाया मात्र वेगळ्याच कारणाने खचतो आहे. ऑगस्ट २०२४ पासून गुगल भारतातही शोधनिकालांच्या वर एआयने तयार केलेला सारांश दाखवू लागले. उत्तर तिथेच मिळाले की वाचकाची गरज भागते, बातमी आमची असली तरी भेट आमच्या खात्यावर पडत नाही. अशा वेळी दर पेजव्ह्यूला बांधून ठेवणे म्हणजे आपल्या कामाचे मोल दुसऱ्याच्या हाती देणे होय.

प्रतिसाद ३ (निवृत्त पत्रकार)

नोंदणी घ्याच, पण ईमेल किती जणांनी उघडले यावर दर लावू नका. अॅपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयता सोयीत ईमेलमधली चित्रे आधीच उतरवली जातात आणि न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे दिसते. २०१६ मध्ये फेसबुकने व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ फुगवून दाखवल्याचे कबूल केले, कारण तीन सेकंदांहून कमी पाहणारे त्या सरासरीत धरलेच नव्हते. तोवर अनेक वृत्तसंस्थांनी त्या आकड्यांवर भरवसा ठेवून माणसे आणि पैसा व्हिडिओकडे वळवला होता.

प्रतिसाद १ (शेतीपंप विक्रेते)

पाणी चढू लागले की नदीकाठच्या मोटारी वर काढाव्या लागतात, आणि त्याच दिवसांत आमच्याकडे दुरुस्तीची गर्दी होते. म्हणून पाणीपातळीच्या पानावर जून ते सप्टेंबर ठोक दराने जाहिरात द्यायला मी तयार आहे. अट इतकीच, की सर्व्हरची नोंद माझ्या माणसाला दर महिन्याला पाहता यावी. संपादकांनी दर कळवावा.