महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहावेत

गोळीबार चौक
मुलीच्या जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतील नोंद हवी होती. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, आणि ज्या माणसाचे आयुष्य हातमागावर गेले त्याच्याकडे ना सातबारा असतो ना घराची रजिस्ट्री. असलाच तर प्राथमिक शाळेचा दाखला असतो. मुख्याध्यापिकेने कपाटातून जुने दाखल-खारीज रजिस्टर काढून दिले. आजोबांचे नाव सापडले, पालकाच्या धंद्याच्या रकान्यात ‘विणकाम’ सापडले, आणि शाळा सोडण्याचे कारण म्हणून ‘सतत गैरहजर’ असा शेरा दिसला. त्या पानावरील निम्म्याहून अधिक मुलांपुढे हाच शेरा होता.

मीही त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलो. त्या काळी वर्गात पाय ठेवायला जागा नसे. आज तिथे दोन इयत्ता एकाच खोलीत बसवूनही बाके रिकामी राहतात. आमच्या पिढीने या शाळेतून वर येऊन आपल्या मुलांना मात्र कॉन्व्हेंटमध्ये घातले, हे नाकारता येत नाही. तेव्हा शाळेने आपल्याला काय दिले आणि आपण ती का सोडली, या दोन्ही गोष्टी मोकळेपणाने लिहाव्यात.

निवृत्त बाई
मी उत्तर नागपुरातील मनपा शाळांमध्ये शिकवले. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस सुरू होतात. पण आमची शाळा त्याआधीच, भर उन्हात वस्त्यांमधून फिरून विद्यार्थी शोधण्यापासून सुरू होत असे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे ठरते, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणून ही पायपीट. छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले मोठ्या हौसेने दाखल होत, काम संपले की कुटुंब दुसऱ्या ठिकाणी जाई आणि वहीत नाव तेवढे मागे राही. त्यात मतदार याद्यांचे काम आणि ऑनलाइन माहिती भरणे आलेच. एका घरी आईने मला सरळ विचारले, “बाई, तुमची मुलं कोणत्या शाळेत जातात?” माझी दोन्ही मुले कॉन्व्हेंटमध्ये होती आणि मी तिला तसे सांगितले. तिने माठातले पाणी दिले, पण मुलाचे नाव दिले नाही.

मिलवाला
बाई, आमच्या आईने तुम्हाला चहाही पाजला असता आणि नावही दिले असते, कारण मिल कामगाराच्या घरात कॉन्व्हेंटची फी भरण्याचा प्रश्नच नव्हता. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. घरातला थोरला म्हणून मधल्या सुट्टीत त्यांचा डबा पोचवण्याचे काम माझ्याकडे होते. परत येताना उशीर झाला तरी गुरुजी वर्गात घेत, कारण अर्ध्या वर्गाचे वडील त्याच फाटकाच्या आत असत. मिल गेली तशी वस्ती पांगली, आणि वस्ती पांगल्यावर शाळेचा पट कशाच्या बळावर टिकणार? केवळ इंग्रजीच्या ओढीने शाळा ओस पडल्या, हे मला अर्धेच पटते.

हिंदी माध्यम
माझे शिक्षण मनपाच्या हिंदी शाळेत झाले, म्हणून लिहिण्यात काही चुकल्यास सांभाळून घ्यावे. पुण्याच्या मित्रांना महाराष्ट्रातील एक महापालिका मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार माध्यमांच्या शाळा चालवते याचे नवल वाटते. परंतु १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे इथे हिंदीला कुणी परकी मानत नाही. आमच्या इमारतीत सकाळी उर्दू आणि दुपारी हिंदी शाळा भरत असे. फळ्यावर उरलेले उर्दू आकडे पुसायचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे मी ते आकडे कुणी न शिकवताच शिकलो.

इंदोऱ्याची लेक
१९९२ पासून मागास प्रवर्गातील गरीब मुलींना पहिली ते चौथीसाठी रोज एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. रक्कम हाती यायला बराच उशीर होई, तरी आई त्या पैशांचा हिशेब मनाशी ठेवत असे आणि धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी मला घरी ठेवायचे झाले की बाबा तिला तोच हिशेब ऐकवत. १९९५ नंतर हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळही मिळू लागला. शिक्षणाची गोडी वगैरे फार पुढची गोष्ट. आधी मी शाळेत टिकले ती या दोन गोष्टींमुळे. आज मी परिचारिका आहे.

संत्री बर्फी
आमच्या वेळी तांदळाची खिचडी झाली होती. तिच्यात डाळ शोधून काढणारा त्या दिवशीचा वर्गनायक समजला जाई. (मी एकदाही झालो नाही.)

धंतोली
एक मुद्दा राहिला. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या, आणि वस्तीतील सर्वात जागरूक पालक सर्वप्रथम तिकडे वळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना यातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. मनपा शाळा चांगली करण्याऐवजी पालकांची दुसरी वाट बंद करणे हा उपाय नव्हे.

निवृत्त बाई
धंतोली, सहमत आहे. मात्र जागरूक पालक गेले की शाळेत भांडणारे कुणी उरत नाही. नळ बंद पडला तर तक्रार करायला येणारे तेच पालक होते.

मिलवाला
संत्री बर्फी, डाळ आम्हाला सापडत असे. तुमचा चष्मा तपासून घ्या.

पाचपावली
मूळ लेखकास विनंती आहे. माझ्या वडिलांची शाळा पट नसल्याने बंद झाली आणि इमारतीला कुलूप आहे. आम्हाला अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद लागते. ते रजिस्टर आता कुठे मिळेल?

गोळीबार चौक
बंद शाळेतील विद्यार्थी ज्या शाळेत समायोजित झाले, तिथे प्रथम चौकशी करावी. माझ्या काकांची नोंद अशीच शेजारच्या शाळेत मिळाली. तिथे नसल्यास मनपाच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. वडिलांचे नाव वहीत घरगुती लिहिलेले असू शकते, म्हणून आजोबांचे नाव आणि दाखल झाल्याचे अंदाजे वर्ष सोबत न्यावे. आणि सकाळच्या पाळीत जावे, दुपारी कपाटाची किल्ली असलेली व्यक्ती भेटत नाही.