शब्द हवा आहे: नागरिकांवरचं सक्तीचं गोंदण

आमच्या गटासाठी एक भूमिका-खेळ मराठीत लिहितोय. काळ २१८०. सोळावं लागलं की प्रत्येकाच्या डाव्या हातावर नोंदणी क्रमांक टोचतात. तो नसेल तर रेशन नाही, लोकलमध्ये पाऊल नाही. 'टॅटू' हौसेचा वाटतो. 'गोंदण' चालेल का?

प्रतिसाद:
गोंदण नको, त्यात माया फार. कपाळावरची तुळस, दंडावरचं नाव, आणि मेल्यावर सोबत येतं ते एवढंच ही समजूत. सरकारी सुईला इतका मान कशाला? हिंदीत मात्र तोच शब्द शिक्षेला लागलाय. कंपनी सरकारने १७९७च्या कायद्याने बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव, गुन्हा, शिक्षेची तारीख गोंदायला लावली. नाव 'गोदना'च. १८४९मध्ये ते बंद झालं.

मी 'डाग' घेईन. तसा लबाड शब्द आहे: अब्रूला लागतो, लग्नात सोन्याचा घालतात, एसटीच्या टपावर सामानाचे चार डाग चढतात. पण 'डागलेला' म्हटलं की तापलेलं लोखंड आणि मालकी, दुसरं काही नाही. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग आणि शिपायांचा हुलिया, म्हणजे चेहऱ्यामोहऱ्याच्या वर्णनाची नोंद, अशी पद्धत आणली. जनावराची ओळख कातडीवर, माणसाची कागदावर. तुमच्या राज्याने नेमका हाच फरक पुसलाय.

प्रतिसाद:
पण सरकार स्वतः 'डाग' कशाला म्हणेल? ते 'मुद्रा' म्हणेल. आषाढी एकादशीला मध्वाचार्यांच्या माध्व मठांत शंखचक्राची तप्तमुद्रा, म्हणजे तापवलेला शिक्का, अंगावर घेतात, तीही भक्तीने. तो शब्द राजपत्रात ढापायचा. कचेरीत 'नागरिकमुद्रा', गल्लीत 'डाग'. पात्राच्या तोंडी कुठला येतो त्यावरून ते कुणाच्या बाजूचं हे कळेल. ज्याच्यावर काहीच नाही तो 'कोरा'. 'मुद्रांक' तेवढा टाळा, खेळाडू स्टॅम्पपेपर शोधत बसतील.

प्रतिसाद:
शब्दाआधी जागा बदला. डाव्या हातावर आकडा म्हटलं की आउश्वित्झ आठवतं. नाझी छळछावण्यांपैकी कैद्यांवर क्रमांक गोंदणारी तीच एक. खेळाच्या ओघात ते सहज येऊन जावं असं नाही. मानेवर घ्या.

प्रश्नकर्ता:
मान पक्की. 'कोरा' तर उचललाच. पण बाईला 'कोरी' म्हटलं की वही वाटते हो.

प्रतिसाद:
वाटू दे. कोरी करकरीत नोटही असते. पोलिसाने चिडवायला 'कोरी' म्हणावं, वस्तीतल्यांनी कौतुकाने.